सरूबाईचा खोकला

सरूबाईचा खोकला का जात नाही, याचा मला पहिल्यापासून संशय होता. माझ्या बायकोला नव्हता. सत्यभामा माणसांवर विश्वास ठेवते. हा तिचा जुना आजार आहे आणि त्याच्यावर काढा नाही.

चिकलठाण्याच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर आम्ही तिथंच तळमजल्यावर फ्लॅट घेतला. मागच्या भिंतीला लागून हातभर माती मोकळी होती. सत्यभामानं तिथं गवती चहा लावला. बघता बघता त्याचा मोठा ठोंब झाला. मग बिल्डिंगमधल्या बाया यायला लागल्या. "ताई, दोन पाती द्या की, सर्दी झालीय." ही कात्री घेऊन हजर. पाती घ्यायच्या आणि दारातूनच फिरायचं. आमच्या हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर दारातून सरळ दिसते. आत बसायला एकीलाही कधी सवड झाली नाही.

सरूबाई मात्र बोलायची. ती बरोबर आमच्या डोक्यावर राहते. गंगापूरकडची, पोराच्या नोकरीमुळं इथं आलेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून सुनेच्या, गुडघ्यांच्या, गावाकडच्या उसाच्या गप्पा मारायची. सत्यभामा म्हणायची, "आत ये की गं." ती म्हणायची, "बसले तर उठवत नाय बाई." तरी सत्यभामा खूश. म्हातारपणी का होईना, मैत्रीण मिळाली म्हणून.

थंडीत सरूबाईला खोकला लागला. छतातून आम्हाला ऐकू यायचा. सत्यभामानं काढा केला. गवती चहा, ठेचलेलं आलं, मिरे, ज्येष्ठमध, गूळ. पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं. रोज सकाळी थर्मासात भरून वर नेऊन द्यायची. संध्याकाळी थर्मास परत यायचा, घासून लख्ख.

"लई गुण हाय गं तुझ्या हाताला," सरूबाई म्हणायची. आणि खोकायची.

"ती पीत नसंल," मी एकदा म्हणालो.

"तुमचं डोस्कंच वाकडं. युनियन करून करून सगळेच दुश्मन दिसत्यात तुमाला."

"अगं, पाती कच्च्या असतात, त्या चालतात. तू उकळलेलं पाणी चालत नाय."

"कुठल्या जमान्यात राहता वो? तिचा पोरगा दिवसभर लॅपटॉपवर असतो."

"काढा काय लॅपटॉपला पाजायचाय?"

हसली नाही. थर्मास उचलून वर गेली.

वॉचमन कडुबाचा खोकला याच काढ्यानं गेला होता. "ताई, बिडीचा खोकला पळाला माझा," तो गेटवर सगळ्यांना सांगायचा. मग सरूबाईचाच का जात नाही? सत्यभामानं मिरे वाढवले. गूळ कमी केला, परत वाढवला. ज्येष्ठमध जुना असेल म्हणून मला क्रांती चौकात पाठवून ताजा आणवला. घोट घेऊन गॅससमोर उभी राहायची. "माझ्याच हाताला काय झालंय का वो?" हे मला ऐकवत नव्हतं. खोट तिकडं, आणि शोधत ही बसली स्वतःच्या हातात.

त्यातच गवती चहाला मुंग्या लागल्या. खडू ओढला, हळद टाकली, हटेनात.

एका सकाळी ती वर थर्मास देऊन आली आणि मागं पाती कापायला बसली. मी तिथंच टॉवेल वाळत घालत होतो. वरच्या गॅलरीचा पाइप त्या मातीवरच उघडतो. पाइपातून पाणी आलं ते तिच्या मनगटावर पडलं. तिनं हात झटकन मागं घेतला. गरम होतं. मग हात नाकाशी नेला.

"आल्याचा वास येतोय," म्हणाली.

मुंग्या कशाला येत होत्या ते कळलं. 'म्हणलं नव्हतं का?' हे वाक्य माझ्या तोंडात कधीचं तयार होतं. निघालं नाही. असलं खरं ठरून काय करायचं?

संध्याकाळी सरूबाई थर्मास घेऊन आली. सत्यभामानं कप भरून ठेवला होता.

"सरूबाई, हितंच घ्या. माझ्यासमोर."

"आज चतुर्थी गं. उपास हाय."

"उपासाला काढा चालतो."

सरूबाईनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात उबळ आली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली, चौकट धरून. वाफाळता कप सत्यभामानं तिच्यापुढं हातभर अंतरावर धरला होता. तिनं हात पुढं केला नाही.

"घरी नेऊन पिते."

"घरी काय करता ते बघितलं मी."

सरूबाईचा चेहरा उतरला. "माझ्या मनात काय नाय बाई. पण घरात देव हायेत…"

सत्यभामानं कप खाली ठेवला आणि मला म्हणाली, "ठोंब खणून द्या."

"सगळा?"

"सगळा."

मी पहार घातली. मुळं मातीसकट रंगाच्या रिकाम्या बादलीत बसवली. सत्यभामानं ती उंबऱ्याबाहेर ठेवली. "घेऊन जा. गॅलरीत लावा. मग रोज खाली यायला नको."

मला वाटलं, आता तरी सरूबाई लाजेल. आता तरी कप उचलेल. तिनं बादली उचलली. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायला लागली. मधेच थांबून, मागं न बघता विचारलं, "पाणी रोज घालायचं का गं?"

"रोज," सत्यभामा म्हणाली. "पण जास्त नको. मुळं कुजतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं आलं ठेचलं, पातेलं ठेवलं, कात्री घेऊन मागं गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेलो. खड्ड्यापाशी उभी होती. वरून खोकला चालू होता.

"लई खोकती वो ती," म्हणाली.