टाकीतल्या तापमापीची लाल रेघ

मित्रांनो, तुम्ही काचेला नाक लावून मासे बघता आणि कोपऱ्यात चिकटलेल्या बोटाएवढ्या नळीकडे ढुंकूनही पाहत नाही. नका पाहू! पण मी एक जुनी तापमापी आहे, आणि म्हातारीचे चार शब्द ऐकून कुणाचे कान झिजत नाहीत.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात लाल द्रव भरला आणि ज्योतीवर माझं तोंड बंद केलं. मग आधी बर्फात बुडवलं, नंतर गरम पाण्यात. अशी पारखून घेतलेली मी. खोटं बोलणं माझ्या रक्तातच नाही.

मला आणलं एका शिंप्याच्या लेकीने. शिवणाच्या खोलीत तिची टाकी होती. तळाला बारीक रेती, तिच्यात रुजलेली रुंद पानांची रोपं आणि त्यांतून पळणारे निळ्या पट्ट्याचे चिमुकले मासे. थंडीत माझी रेघ खाली गेली की लेक हीटर लावायची. रेघ माझ्यावरच्या, माशांना मानवणाऱ्या हिरव्या पट्ट्यात आली की म्हणायची, "शाबास गं बाई माझी!" काच असूनही मी मोहरून जायची.

मग तिला परगावी नोकरी लागली. निघताना म्हणाली, "आई, घर मिळालं की टाकी न्यायला येते. तोवर जपशील ना?"

"तुला वाढवलं, ही चिमटीएवढी पोरं मला जड होणार?"

आईची माया खरी हो, पण अक्कल मात्र तिची तीच. दुसऱ्याच दिवशी तिने मला काचेवरून उपटलं. "ताप मोजायला मासे काय आजारी आहेत? उगाच अपशकुन!" असं म्हणत तिने मला टाकीतल्या लाकडाच्या ओंडक्यामागे सारलं. झालं! माझं तोंड भिंतीकडे.

उन्हाळा आला. टाकीला खेटून इस्त्रीचं टेबल, वर दिवसभर जळणारा दिवा, आणि धूळ नको म्हणून आईने घट्ट बसवलेलं झाकण. माझी रेघ हिरवा पट्टा ओलांडून वर चढत राहिली. पण मी सांगणार कुणाला? पानं कडेने विरघळू लागली. तापलेल्या पाण्यात श्वासाला हवा कमी पडते, म्हणून मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

आईचा जीव कळवळला. "अहो, बघा ना, भुकेजलीत लेकरं! कशी तोंडं वासून मागतायत!"

तिने चिमूटभर खाऊ टाकला. मग आणखी चिमूटभर. जीव जितका गुदमरे, तितका घास वाढे.

एक मासा आडवा झाला. त्याला उचलायला आईने कोपरापर्यंत हात घातला आणि दचकली.

"अगंबाई, हे तर आंघोळीचं पाणी!"

ओंडक्यामागून मला ओढून काढलं. "अहो, चष्मा लावा. काय म्हणतेय ही?"

"तेहतीस," शिंपी म्हणाला. "हिरवा पट्टा केव्हाच मागे पडला की गं."

आई बर्फाचा ट्रे घेऊन धावली.

"थांब! एवढं एकदम गार सोसेल का त्यांना? भाजलेल्या पोराला बर्फाच्या घंगाळात बसवशील?"

"म्हणजे मीच मारलं म्हणा!"

"भांडण मागाहून. आधी झाकण काढ."

दिवा बंद झाला. इस्त्रीचं टेबल दाराशी गेलं. टेबलफॅनचा वारा पाण्यावरून वाहू लागला. कुजलेला खाऊ नळीने उपसून शिंप्याने टाकीतल्याहून जरासंच गार पाणी मगाने हळूहळू घातलं. आई स्टुलावर बसून माझ्याकडे एकटक बघत होती. "उतर गं माझे बाई, उतर." मी उतरले, सावकाश, एकेक रेघ. आडव्या माशाने शेपूट हलवली, तेव्हा आईने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्यावर खेकसली, "बघताय काय? कपडे शिवा!"

पुढे लेक टाकी न्यायला आली. सोबत आकडे दाखवणारं नवं यंत्र होतं. आईने त्याला नीट न्याहाळलं.

"असू दे हा आकड्यांचा दिवा. पण ही म्हातारी समोर राहील. आधी हिला बघायचं, मग खाऊ. कळलं?"

लेक हसली. तिच्या नव्या घरात मी आजही पुढच्या काचेवर आहे. रेघ फिकी झालीय, पण खरी आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमचा लाडका जीव तोंड उघडून बघू लागला की लगेच घास पुढे करू नका. आधी पाण्यात हात घाला.