संघपालला विचारा

व्हॉट्सॲपच्या हिरव्या ठिपक्यात सत्तेचाळीस. मघाशी, पाचवीच्या तासाला फळ्यावर अपूर्णांक मांडताना, तो आकडा एकतीस होता. संघपालने मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि वह्या पुढे ओढल्या... पण पालथ्या मोबाईलखालीही आकडा वाढतच असणार, आणि तो वाढतोय आपल्याच नावाने, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

दहावीच्या बॅचचा ग्रुप. तेवीस जण. एरवी वाढदिवस, देवाचे फोटो, कापसाचा भाव. आज सकाळी राजनंदिनीने, ती आता पुण्यात असते, गावाकडच्या लग्नांत अजून वेगळ्या पंगती बसतात म्हणून काहीतरी लिहिलं, आणि अंगदचं डोकं फिरलं. अंगद गावातच राहिला, बापाची चौदा एकर सांभाळून. पुण्यात बसून गावाची बदनामी करायला काय जातं, असं त्याने लिहिलं. आणि खाली : 'आमच्या गावात असलं काही नाही. खोटं वाटत असेल तर संघपालला विचारा. तो लहानपणापासून आमच्या घरी जेवतो.'

मग सगळे विचारू लागले. संघपाल, बोल. सर, तुम्हीच सांगा. सर गप्प का?

गप्प! आपण आणि गप्प... दुसऱ्या ग्रुपांवर, जिथे कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही, तिथे आरक्षणावरून आपण लोकांना पळता भुई थोडी केलेली आहे, शासन निर्णयाच्या तारखा तोंडावर फेकून. अनोळखी माणसाशी भांडायला लागतं काय? दोन अंगठे. आणि इथे सकाळपासून तीनदा एक ओळ लिहिली आणि तीनदा पुसली. 'अंगद म्हणतो ते खरं आहे.' यात खोटं काय आहे? जेवलोच की मी. झुंबरबाईंनी, अंगदच्या आईने, ज्या मायेने मला वाढलं ती काय नाटक होती? मग अंगठा का थांबतो—थांबतो तो रूपालीच्या लग्नापाशी.

रूपाली अंगदची बहीण. तेव्हा संघपाल वीस वर्षांचा. परतूर स्टेशनवरून पाहुणे जीपमध्ये घालून आणायचं काम त्याच्याकडे होतं, शिवाय माईक, शिवाय फोटो. घरचा माणूस आहे तू, अंगद म्हणाला होता, आणि त्या एका शब्दावर तो दिवसभर उन्हात पळत होता. गावातली रीतच ती, घरच्यांनी शेवटी जेवायचं. पंगतींवर पंगती उठल्या, तो उपाशी हिंडत राहिला, आणि त्या उपाशीपणाचाही त्याला अभिमान वाटत होता. शेवटी अंगद स्वतः ताट घेऊन मांडवात आला. कडेला बँडवाले जेवत होते, तिथे संघपाल बसला. तू पण बस ना, त्याने म्हटलं. अंगद म्हणाला, मी आत जेवतो, माय थांबलीये... बस, एवढंच. कोणी हाकललं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. घरचे शेवटी जेवले. फक्त ते आत जेवले.

मधल्या सुट्टीत अंगदच आला. कापूस घेऊन मार्केटला आला होता. त्याने संघपालला शाळेसमोरच्या हॉटेलात नेलं, भज्यांची एकच प्लेट मागवली आणि पहिलं भजं त्याच्यापुढे धरलं. हॉटेलात ते नेहमी एकाच प्लेटमध्ये खायचे, आजही खात होते, आणि यातही काही खोटं नव्हतं. संघपालने ते भजं परत प्लेटमध्ये ठेवलं.

"सकाळपासून वाट पाहून राह्यलो," अंगद म्हणाला. "गुरुजी, तुमचं एक वाक्य आलं की विषय खतम."

"रूपालीच्या लग्नात मी कुठं जेवलो, आठवतं का?"

"म्हंजे? मांडवात. मीच तर ताट आनलं तुझं. मायनं वरून तूप सोडल्तं, म्हणली संघपाल सकाळपासून उपाशी हाय." अंगदचा चेहरा उजळला. "हेच लिही की."

"अन् तू कुठं जेवलास?"

"आत. घरच्यांसंगं." अंगदने चटणी ओढून घेतली. "का रे?"

त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. थोडं चाचरला असता, नजर चुकवली असती, तर संघपाल त्याला तिथेच माफ करून मोकळा झाला असता. पण अंगद खरं तेच बोलत होता.

"न्हाई, असंच," संघपाल म्हणाला.

अंगदने तेलकट बोट शर्टाला पुसलं आणि मोबाईल काढला. 'संघपाल माझ्यासमोर बसला आहे. हो म्हणतोय.' लिहिलं, वाचून दाखवलं, पाठवलं. संघपालने पाहिलं. पाहत राहिला. लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले. राजनंदिनीनेही लिहिलं, माफ कर अंगद, वाचून फार बरं वाटलं. अंगद खूश होऊन कापूस मोजायला मार्केटचा काटा गाठायला निघून गेला.

आता एक ओळ पुरे होती : मी हो म्हटलेलं नाही. शाळेच्या फाटकाशी उभा राहून त्याने ती लिहिलीसुद्धा. राग उकळत होता, माझ्या तोंडात शब्द घालणारा तू कोण... आणि तेवढ्यात त्याला आपला बाप आठवला. तातेराव. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून त्याने बापाला सगळं सांगितलं होतं, जीप, माईक, तूपसुद्धा. तातेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, अंगद संगं बसल्ता का जेवाया?

आणि मी हो म्हणालो होतो.

बापाच्या डोळ्याला डोळा देऊन, क्षणाचाही विचार न करता. कोणी 'संघपालला विचारा' म्हणालं नव्हतं, कोणी माझ्या नावाने काही लिहिलं नव्हतं. बाप बरं म्हणाला आणि कामाला निघून गेला. तेव्हा त्याला कळलं होतं का?

घंटा झाली. पोरं वर्गाकडे पळाली. संघपाल फाटकाशी उभा होता, आणि अंगदवरचा राग, जो त्याला आत्ता फार हवा होता, तो शोधूनही सापडत नव्हता.