झऱ्याची जिवाणी

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा. घोडेगावच्या स्टँडवरून आपण एसटीत बसलो आहोत असं समजा. डिंभ्याचं धरण मागे पडलं. आता रस्त्याच्या एका अंगाला पाणीच पाणी, दुसऱ्या अंगाला रान. एका फाट्यावर गाडी थांबते. उतरणारी माणसं दोनच. गाडी निघून जाते आणि इतकं शांत होतं, की पाठीवरच्या पिशवीत रिकामी बाटली डब्यावर आपटलेलीसुद्धा ऐकू येते. तुमचं वय अकरा. पिशवीत जाड पांढऱ्या कापडाचा एक तुकडा आहे, आणि आजच्या दिवसाचं पाणी तुमच्याकडे सोपवलेलं आहे.

खुशबूकडे ते पहिल्यांदाच सोपवलेलं होतं.

तिचे दादाजी, इंदरचंद, घोडेगावच्या पेठेतले जुने दुकानदार. पावसाळ्याचे चार महिने ते गाव सोडत नसत. हिरव्या गवतावर पाय टाकला तर खाली किती जीव चिरडतील कोण जाणे, असं म्हणत. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास सरला, की मात्र ते एसटी पकडून इथे येत आणि रानवाटेने वरच्या झऱ्यापर्यंत चढत. तिथून सगळा जलाशय दिसे. त्यांचं जन्मगाव, जुनं आंबेगाव, त्या पाण्याखाली होतं. दरवर्षी बरोबर आजी असायची. ती वैशाखात गेली.

पाणी गाळायचं काम आजीचं. तिनेच खुशबूला शिकवलं होतं: कापड दुहेरी करायचं, बाटलीच्या तोंडावर खोलगट धरायचं, पाणी हळू ओतायचं. बाटली भरली म्हणजे काम झालं असं नाही. कापडाच्या वरच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ती जिवाणी. कापड उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि जिवाणी होती तिथे परत सोडायची. "ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात," आजी म्हणायची. "आपल्याला तहान लागली म्हणून त्यांचं घर का जावं?"

चढ दादाजींना यंदा जड गेला. दर वीस पावलांवर ते काठी टेकून उभे राहत. झऱ्यापाशी वरच्या वाडीतला सावळेराम गुरं घेऊन बसलेला होता. त्यांची जुनी ओळख.

"या शेट. मला वाटलं, यंदा तुमी नाय येत."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"गुडघं म्हातारं झालं, पर हट्ट काय म्हातारा व्हत नाय," सावळेराम म्हणाला, आणि दोघंही हसले.

खुशबूने अगदी आजीसारखं पाणी गाळलं. बाटली काठोकाठ भरली. तेवढ्यात दादाजींनी हाक मारली. धरणाचं पाणी जरा उतरलं होतं आणि ते काठीने दाखवत होते: तो उंचवटा दिसतो ना, त्याच्या अलीकडे बाजार भरायचा, आणि ती झाडाची टोकं आहेत तिथे आमच्या घराची वाट वळायची. खुशबूने हातातलं कापड पिशवीत कोंबलं आणि धावत त्यांच्याजवळ गेली. ते बोलत राहिले, ती ऐकत राहिली. निघायची वेळ झाली तेव्हा दादाजींचे डोळे भरून आले होते. तिने त्यांचा हात धरला आणि खाली उतरायला लागली.

फाट्यावर पोचले तेव्हा दादाजींचा उजवा गुडघा टम्म सुजला होता. सावळेराम गुरं पोराच्या हवाली करून मागोमाग आला होता. पाचची शेवटची गाडी अजून वर जायची होती. टोकाच्या गावाला जाऊन ती तासाभरात परत फिरणार, आणि परतताना यांना घेणार. सूर्य मावळला की दादाजी पाण्याचा थेंबही घेत नसत; मग थेट दुसऱ्या सकाळी. म्हणून खुशबूने बाटली काढायला पिशवीत हात घातला.

हाताला ओलं कापड लागलं.

जिवाणी झऱ्यात सोडायची राहूनच गेली होती. कापडाच्या कडा वाळायला लागल्या होत्या. दादाजींना सांगितलं तर ते याच पायाने पुन्हा चढतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. समोर एवढं मोठं पाणी होतं. तिथे कापड धुतलं तर?

"दादाजी, झऱ्याचं पाणी शेवटी या धरणातच येतं ना?"

"येतं."

"मग झऱ्यातला जीव इथे सोडला तर चालेल?"

दादाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं.

"धरण झालं तेव्हा आम्हालाही उचलून घोडेगावला नेलं," ते म्हणाले. "काही लांब नव्हतं. आम्ही तरुण होतो, रुजलो. माझी आई नाही रुजली. रोज पहाटे उठून जुन्या घराचा उंबरा शोधायची. वर्ष पुरं व्हायच्या आत गेली." ते थांबले. "चालेल की नाही ते तिथल्या जिवाला विचारावं लागेल, बेटा. आपण कसं सांगणार?"

"मी विसरले," खुशबू म्हणाली. "तुम्ही हाक मारली आणि मी तसंच पिशवीत टाकलं."

दादाजींनी काठी उचलली. सावळेरामने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"बसा गप. त्या पायानं चढलात तर उतरवायला मलाच खांदा द्यावा लागंल. द्या ते फडकं, सकाळी गुरं घेऊन जातोच की मी."

"सकाळपर्यंत वाळेल ते," खुशबू म्हणाली.

"त्यात काय हाय तरी काय? मला तर कायबी दिसंना."

"मलाही दिसत नाही."

सावळेरामने डोकं खाजवलं. एवढ्यात गाडी आली. कंडक्टरने दारातून विचारलं, "काय शेट, येताना घेऊ ना?" दादाजींनी हात केला. गाडी वळणाआड गेली. आता एक तास होता.

दादाजींनी खुशबूच्या हातून बाटली घेतली आणि झाकण उघडलं. ते पितील असं तिला वाटलं. पण त्यांनी कापड तिच्या तळहातांवर पसरलं आणि ते नीट भिजेपर्यंत त्यावर थोडं थोडं पाणी ओतलं.

"हे त्याच झऱ्याचं आहे. वाटेत कडा सुकल्या तर उरलेलं घाल. मागेपुढे पाहू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी सकाळी पिईन."

"एकली नको सोडायला, बिबट्याचं रान हाय," सावळेराम कमरेचा पंचा आवळत म्हणाला. "चल पोरी. तुज्या न दिसणाऱ्या पावण्यांना घरी घालवून येऊ."

ती जवळजवळ पळतच चढली. दोनदा कापडाच्या कडा सुकल्या, दोनदा तिने पाणी घातलं. झऱ्यापाशी पोचली तेव्हा बाटलीत घोटभरच उरलं होतं. तिने कापड उलटं करून पाण्यालगत धरलं आणि तो घोट वरून ओतला. मग कापड पाण्यात हळूच हलवलं. पिळलं नाही. पिळायचं नाही, हेही आजीनेच सांगितलं होतं.

"ग्येलं का?" सावळेरामने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"गेले असतील."

खाली जलाशयावरचं ऊन काठाकडे सरकलं होतं. आता बाटली भरली तरी ती खाली पोचेपर्यंत सूर्य मावळणार, आणि दादाजी पिणार नाहीत. तिच्या घशाला कोरड पडली होती.

"दिस हाय अजून," सावळेराम म्हणाला. "तू तरी गाळून पी दोन घोट. लहान लेकराला कोण काय म्हणतंय?"

खुशबूने झऱ्याकडे पाहिलं. "दादाजी सकाळी पितील, मीही तेव्हाच," ती म्हणाली. मग रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ओलं कापड या वेळी पिशवीत न कोंबता दोन्ही हातांत उलगडून धरलं आणि सावळेरामच्या पुढे होऊन वाट उतरू लागली.