घरबसल्या

वामनशेठच्या पडवीत पाव्हणे बसलेले पाहून सुनीतीला बरंच वाटलं. चार माणसांदेखत कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, असा तिचा हिशेब. चपला काढून ती वर चढली. शिवणाच्या ताई आल्या म्हणताच वामनशेठने स्वतः उठून खुर्ची पुढे केली. समोर नऊवारीतली एक ठसठशीत म्हातारी आणि शेजारी टोपी घातलेले दोघे. असतील भाऊबंद. रविवारी या गावातल्या घरात पाव्हणे नसले तरच नवल.

आता सांगायचं म्हणजे, सुनीतीचं माहेर दादरचं. तिथे मुलगी बघायला आले की मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर यायची, खाली मान घालून बसायची. इथे वामनशेठची मुलगी रंजिता कुठे दिसतही नव्हती, मग सुनीतीला शंका कुठून यावी? या गावात मुलगी कुणाच्या तरी लग्नात आधीच नजरेत भरलेली असते, आणि मग थोरली माणसं नुसती बोलायला येतात, हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वाशीहून रिक्षा करून येत होती, एका संस्थेतर्फे समाजमंदिरात गावच्या पोरींना शिवण शिकवत होती, पण एवढी साधी गोष्ट विचारायचं काही तिला सुचलं नव्हतं.

ती आली होती रंजिताच्या शब्दाखातर. क्लासमध्ये रंजितासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तुर्भ्याच्या एका कपड्यांच्या कंपनीत सुनीतीने तिला चाचणीला नेलं, तेव्हा तिथल्या सुपरवायझरने शर्टाची कॉलर उलटीसुलटी करून पाहिली आणि पहिल्या तारखेपासून ये म्हणाला. परतताना रिक्षात ही पोरगी एकटीच हसत होती. कंपनीत कँटीन आहे, बायकांसाठी वेगळी बस आहे, हे तिने सुनीतीला पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू सुनीती बरोबर नव्हतीच. मग गाव जवळ आलं तशी गप्प झाली.

"ताई, बापूस माजा नाय ऐकनार," ती म्हणाली. "तुमचा ऐकल. तुमी फकस्त एवढाच सांगा, पोरीला कंपनीत जाऊ द्या म्हनून."

सुनीतीने तिच्या हातावर हात ठेवला होता. सांगते म्हणाली होती.

तर पडवीत तिने सुरुवात झोकात केली. रंजिताचं कटिंग कसं, फिनिशिंग कसं, एकदा पाहिलेला ब्लाऊज दुसऱ्यांदा न बघता कसा बेतते, सगळं सांगितलं. पाव्हणे कान देऊन ऐकत होते, म्हातारी तर पुढे सरकून बसली. सुनीतीला आणखी चेव आला. मग वामनशेठने शांतपणे विचारलं, "मंजी कंपनीत जावा लागल तिला?"

आवाज काही चढलेला नव्हता. पण टोपीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हातारीने पेला खाली ठेवला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. चार अनोळखी माणसांना आपण चांगलं वाटावं, या घरात पुन्हा चहाला बोलावलं जावं, एवढ्यासाठी ही शिकलीसवरली बाई भलतंच बोलून गेली.

"नाही हो, कंपनीतच गेलं पाहिजे असं कुठंय? घरबसल्यासुद्धा कमवेल ती."

"घरान बसून?" म्हातारीने विचारलं.

"हो आजी. उंबरा ओलांडायचीही गरज नाही. मशीन आमची संस्था देईल."

शेवटची दोन वाक्यं तर कुणी मागितलीही नव्हती. आज एवढं पटवू, कंपनीचं पुढच्या वेळी काढू, असं तिने मनाशी ठरवलं आणि चहा पिऊन उठली. रंजिताची आई पुतळा मागोमाग धावत पायरीपर्यंत आली. तिचे डोळे भरलेले होते. सोयरीक जमली म्हणाली, न्हावा शेव्याला मुलगा बंदरात कामाला आहे, ती म्हातारी, म्हणजे होणारी सासू, खुसपटं काढत होती पण तुमचं बोलणं ऐकून कबूल झाली.

"तुमच्या पायगुनानं जमला बगा," पुतळा म्हणाली.

मागे फिरायला तेव्हा वेळ होता. पडवीत परत चढायचं आणि माझं चुकलं, पोरीला नोकरी करायचीय, असं म्हणायचं. सुनीती म्हणाली, "अरे वा, छान." आणि रिक्षा शोधायला लागली.

घरी नवऱ्याने, सुभाषने, सगळं ऐकून घेतलं. मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की, मग तू कसलं टेन्शन घेतेस, असं तो म्हणाला. संस्थेतल्या बायका तर खूश झाल्या, मुलीला मशीन मिळालं, संसारही मिळाला. तिला कुणी एका शब्दाने दोष देईना, आणि तेच तिला सोसवेना. पहिली तारीख आली आणि गेली. रंजिता लग्नापर्यंत क्लासला येत राहिली. रोज सुनीती ठरवायची, आज बोलू. रोज तिच्याजवळ जाऊन दोऱ्याचा रंग विचारायची आणि पुढे सरकायची. रंजिता रंग सांगायची, वर बघायची नाही.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात सुनीतीला मानाची खुर्ची मिळाली. बायका एकेक करून येऊ लागल्या. आमचीला पण क्लासात घ्या ताई, असं प्रत्येकीचं म्हणणं. शिवण येत असलं की सासरची माणसं नाही म्हणत नाहीत, हे आता गावभर झालं होतं. समाजमंदिरात बसायला जागा पुरणार नव्हती इतक्या पोरी येणार होत्या. सुनीती मान डोलवत राहिली, आणि आतून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पुतळाने तिला हाताला धरून रंजिताच्या पाटापाशी नेलं. लग्नाची गाणी, धवले, म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका क्षणभर थांबल्या. हळदीची वाटी पुढे आली. सुनीती वाकली, आता नाही तर कधीच नाही असं वाटून म्हणाली, "रंजिता, त्या दिवशी मी..."

"मी दाराआडच व्हते ताई," रंजिता हळूच म्हणाली. "ऐकला मी सगला."

सुनीतीचा हात वाटीतच राहिला.

"पोरींना शिकवा तुमी. चांगला शिकवता. पन कुनाच्या घरी बोलाया जाऊ नका."

एवढं बोलून तिने डोळे मिटले आणि तोंड वर केलं. सुनीतीने तिच्या दोन्ही गालांना हळद लावली. हळद कानाकडे ओघळली. मागून पुतळा कौतुकाने म्हणाली, "अजून लावा ना ताई, भरून लावा. तुमचाच मान हाय."

सुनीतीने पुन्हा वाटीत हात घातला.