रविवारी नऊ ते बारा

चर्चमध्ये देवाच्या खालोखाल कोणाचा आवाज चालत असेल तर तो यादीकाकांचा. पाळकसाहेबांचाही चालायचा, पण पाळकसाहेब दर तीन-चार वर्षांनी बदलत आणि यादीकाका गेली एकोणीस वर्षं जागचे हलले नव्हते. दर रविवारी दहाच्या ठोक्याला ते उठत, घसा खाकरत आणि आजाऱ्यांची यादी वाचत. जन्मभर नोंदणी कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे यादीला शिस्त होती. आधी माणूस, मग अवयव. "बेकरीवाल्यांच्या सासूबाई, दोन्ही गुडघे." मंडळी म्हणत, "प्रभू, ऐक." "आमचे शिंपीबंधू, डावा डोळा." "प्रभू, ऐक." देवाचा गोंधळ होऊन भलताच डोळा बरा व्हायला नको, म्हणून डावा-उजवा ते जरा जोर देऊन सांगत. सगळ्यात शेवटी 'घरगुती अशांती' हे सदर असे. त्या वेळी झोपलेलेही खडबडून जागे होत आणि कान टवकारून प्रार्थना करत.

नवे पाळकसाहेब आले तेव्हा यादी अकरा मिनिटांवर गेली होती. साहेब तरुण होते, आणि अजून कोणी त्यांना गप्प बसायला शिकवलं नव्हतं.

"काका, यादी फार लांबलीय," ते म्हणाले. "जे बरे झाले त्यांची नावं काढू या की."

"बरे झाले की नाही, हे मला कसं कळणार?"

"जाऊन विचारायचं."

काका बघतच राहिले. एकोणीस वर्षांत ही कल्पना कोणाच्या डोक्यात आली नव्हती. नाव घालायला लोक यायचे, काढायला कोणी येत नसे, आणि काका तर कधी कोणाकडे जातच नसत. प्रार्थना केली की आपलं काम झालं, पुढचं त्याचं तो बघेल, असा सगळा सुटसुटीत कारभार होता.

सोमवारी काका यादी आणि पेन घेऊन निघाले आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. शिंप्याचा डावा डोळा कधीच बरा झाला होता. मधल्या काळात उजवा बिघडून तोही बरा झाला होता. बेकरीवाल्यांच्या सासूबाई सात महिन्यांपूर्वी गुडघ्यांसकट वारल्या होत्या आणि काका स्वतः त्यांच्या दफनाला हजर होते. पण दफनाची नोंद वेगळ्या वहीत, आजाऱ्यांची वेगळ्या. सात महिने अख्खी मंडळी एका गेलेल्या बाईचे गुडघे बरे कर म्हणून देवाच्या मागे लागली होती. 'घरगुती अशांती'तल्या जोडप्यानं मिळून दार उघडलं, तेव्हा काकांना बरं वाटलं. पण आपलं नाव यादीत दिलं कोणी, यावरून दोघांची दारातच जुंपली, म्हणून ते नाव त्यांनी राहू दिलं.

बुधवारी गवंड्याची पाळी आली. यादीतल्या जुन्या नावांपैकी एक. "आमचे गवंडीबंधू, कंबर." दोन वर्षं आणि चार महिने. त्याचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं, चर्चच्या भिंतीपासून फार तर चाळीस पावलं. काका दमायच्या आतच पोचले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत एकच खोली, खिडकीला लागून लोखंडी खाट, खाटेवर गवंडी. खांदे रुंद, हात अजून कामगाराचे, आणि चादरीखाली पाय असे पडलेले की ते त्याचे नव्हेतच.

"नमस्कार. मी चर्चमधून—"

"ओळखलं," गवंडी म्हणाला. "तुम्ही 'कंबर'."

"अं?"

"'आमचे गवंडीबंधू, कंबर.' आवाज विसरेन होय? तुमचा भोंगा बरोबर या खिडकीकडे तोंड करून आहे."

काका सुखावले. आपला आवाज इथवर पोचतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पेन काढलं. "मग, आता बरं आहे ना?"

गवंड्यानं आधी काकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "तुम्हाला कसं दिसतंय?"

परांचीवरून पडला होता. पाय हलायचं विसरले होते, दुखायचं मात्र विसरले नव्हते. पण कुरकुर नाही, गवंडी म्हणाला, सवय झालीय. रविवार सोडला तर ठीक चाललंय.

"रविवारी काय होतं?"

"रविवारी तुमचं चर्च असतं."

काकांना कळेना. मग गवंड्यानं त्यांना ते भिंत रचावी तसं, एकेक वीट ठेवत सांगितलं. बायको ऑफिसांच्या फरशा धुते. ऑफिसं रविवारी बंद, म्हणून मोठी धुलाई रविवारीच. नऊला जाते, बाराला येते. एरवी शेजारीण डोकावते, तिचा नवरा येऊन कुशीवर वळवतो. रविवारी दोघंही चर्चला. ती गाणाऱ्यांत, तो खुर्च्या मांडतो.

"भांडं असतं हाताशी. पण मला एकट्याला वळता येत नाही. साडेनऊच्या सुमाराला मी ओला होतो. मग बारापर्यंत तसाच. दहाला तुमचा आवाज येतो. तो आला की कळतं, अजून दोन तास."

काकांच्या हातात पेन तसंच राहिलं. "दर रविवारी?"

"तुम्हीच मोजा. कागद तुमच्याकडे आहे."

"अहो, मग कळवायचं नाही का कोणाला?"

"कोणाला? रविवारी इथं असतं कोण?"

काका म्हणाले, "बघतो मी काहीतरी." नोंदणी कचेरीत याच तीन शब्दांवर त्यांनी शेकडो माणसं परत पाठवली होती. गवंडी म्हणाला, "बघा." काही न मागता म्हणाला, आणि तेच काकांना लागलं.

शुक्रवारी कमिटीची बैठक होती. काकांनी विषय मांडला, तशी सगळ्यांनी च्-च् केलं आणि बिस्किटं घेतली. खजिनदार म्हणाले, त्यांना उपासना नीट ऐकू येत नसेल, त्या बाजूला आणखी एक भोंगा बसवू. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, त्यापेक्षा सुंदरसं भेटकार्ड देऊ, सगळ्यांच्या सह्यांचं.

"कोणी रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसेल का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सगळे आपापल्या कपात पाहू लागले.

"रविवारी कसं जमायचं?" खजिनदार शेवटी म्हणाले. "रविवारी चर्च असतं."

भोंगा आणि भेटकार्ड, दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले. कार्डावर पहिली सही यादीकाकांनी केली, कारण अक्षर त्यांचं चांगलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंच्या तोंडून 'बिचारा' असा शब्द यावा अशी त्यांची अपेक्षा होती. काकू इस्त्री करत होत्या.

"एकोणीस वर्षं देवाला लोकांचे पत्ते सांगताय," त्या म्हणाल्या. "आता एक तुम्हालाही कळला."

"अगं, पण यादी कोण वाचणार?"

"वाचता येणारी शंभर माणसं आहेत तिथं." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "तुम्हाला तिथं उभं राहायला आवडतं. तसं सांगा की सरळ. देवाला मध्ये कशाला आणता?"

काका रुसून बसले. पण शनिवारी दुपारी नेहमीसारखी आरशासमोर यादीची तालीम करताना "आमचे गवंडीबंधू" इथं त्यांचा आवाज अडकला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकला. घाईघाईत म्हणून पाहिलं, हळू म्हणून पाहिलं. कसंही म्हटलं तरी त्या नावाचा अर्थ आता एकच होता: अजून दोन तास. काकांना भयंकर राग आला. आधी गवंड्याचा, मग पाळकसाहेबांचा आणि शेवटी, उगाच दुजाभाव नको म्हणून, देवाचा. त्यांनी पट्टी घेतली आणि गवंड्याच्या नावावर सरळ रेघ मारली.

रविवारी पावणेनऊला यादी त्यांनी पाळकसाहेबांच्या हाती ठेवली. "आज तुम्ही वाचा."

पाळकसाहेबांनी नजर फिरवली. "गवंडी बरे झाले?"

"नाही."

"मग नाव का काढलं?"

"ते काम माझ्याकडे आलंय. आता देवाला कशाला त्रास?"

हे वाक्य काकांनी रात्रीच जमवून ठेवलं होतं आणि ते फार चांगलं बसलं. त्याच तोऱ्यात ते फाटकाबाहेर पडले. समोरून सगळी मंडळी येत होती. "काका, चर्च इकडे!" म्हणून गवंड्याच्या शेजारीणबाई ओरडल्या. त्यांच्या खुर्च्यावाल्या नवऱ्यानं काकांना हाताला धरून वळवायचाही प्रयत्न केला, वय झालंय बिचाऱ्यांचं असं समजून.

गवंडी त्यांना पाहून हसला नाही की रडला नाही. "कोट काढा," तो म्हणाला. "लग्नाला आलाय का?"

पुढचा अर्धा तास काकांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अर्धा तास होता. भांडं लावायला त्याला वळवणं जमायच्या आतच, गवंडी म्हणाला होता तसा, तो ओला झाला. काकांनी जन्मात कोणाला उचललं नव्हतं. त्यांनी आधी गवंड्याला नुसतंच ढकललं, मग बादली लवंडली, मग मेणकापड उलटं घातलं. गवंड्यानं एक शिवी हासडली. चर्चच्या चाळीस पावलांत ती शिवी पूर्वी कधी कोणी उच्चारली असेल असं काकांना वाटलं नाही. तरीही ते "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले.

"कंबरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. विटांचं घमेलं उचललंय कधी? दिसतंच आहे. एक हात खांद्याखाली, एक इथं. आता ओढायचं नाही, तोलायचं. हां. आता कसं."

गवंडी भिंतीकडे तोंड करून कुशीवर आला आणि काकांना त्याची पाठ दिसली. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. कडा काळपट, मध्ये ओली. काकांच्या यादीत नुसती कंबर होती. त्यांना लाज वाटली, अशी की डोळ्यांत पाणी आलं, आणि हात साबणाचे असल्यामुळे पुसताही येईना. त्यांनी कापड पिळलं आणि जखमेच्या कडेकडेनं, जमेल तितक्या हलक्या हातानं पुसायला लागले.

दहा वाजले. भोंगा खरखरला आणि यादी सुरू झाली.

"थांबा जरा," गवंडी म्हणाला.

काका थांबले. पाळकसाहेब भराभर वाचत होते, डाव्या-उजव्यावर जोर न देता. "प्रभू, ऐक. प्रभू, ऐक." सहा मिनिटांत 'घरगुती अशांती' आली आणि यादी संपली. गाणं सुरू झालं. गवंडी तसाच कान देऊन पडून होता.

"माझं राहिलं," तो म्हणाला.

"राहिलं नाही. मी काढलं." काकांच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडी ऐट आली. "आता मी आलोय ना."

गवंड्याचा चेहरा भिंतीकडे होता, त्यामुळे काकांना फक्त पाठ दिसत होती, आणि ती वर-खाली होत होती.

"कोणी सांगितलं होतं काढायला?" तो म्हणाला. "शिव्या द्यायचो मी तुम्हाला, खरं आहे. दर रविवारी द्यायचो. पण आठवड्यातून एकदा घराबाहेरचं कोणीतरी माझं नाव घ्यायचं. मोठ्यानं. तेवढंच होतं हो."

काकांची ऐट उतरली. एकोणीस वर्षं ज्याचं त्याला न विचारता नावं घातली, आणि काढलं तेही न विचारताच. ते कापड हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"आमचे गवंडीबंधू," ते म्हणाले. पूर्ण आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा. चारी भिंती दणाणल्या. पुढचा शब्द सवयीनं ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"काय मागू?" त्यांनी विचारलं.

गवंड्यानं विचार केला. त्याला कोणी हे विचारलं नसावं, कारण त्याला वेळ लागला.

"पुढच्या रविवारी तुम्ही याल, एवढं मागा."

एवढ्या वर्षांत काकांनी हजारो मागण्या वर धाडल्या होत्या आणि खाली बसून घेतलं होतं. ही मागणी कुठं धाडायची सोयच नव्हती. पुढचा रविवार डोळ्यांपुढे आला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा.

"येईन," काका म्हणाले.

"आमेन," गवंडी म्हणाला. "आता पुसा लवकर, गार पडलोय मी."