धाकटीचा मोठा फोटो

धाकटी आजारपणात गेली आणि ती शिकवायची त्या शाळेतून निरोप आला, "वेबसाइटवर बाईंना श्रद्धांजली द्यायची आहे, एक फोटो पाठवा." फोटो होता एकच. कॅमेरा दिसला की धाकटी तोंड फिरवायची. बाकीच्या फोटोंत कुठे तिचा हात आडवा, कुठे नुसती पाठ. हा एक तेवढा थोरलीच्या शिवणाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने नकळत काढून पाठवलेला. कुणाचातरी अर्धवट शिवलेला कोट अंगात घालून धाकटी खदाखदा हसतेय.

शाळेची वेबसाइट महा नखरेल. फोटो मोठा आहे म्हणून घेईचना. थोरलीने मग फोटो लहान करून देणारी एक फुकटची वेबसाइट शोधून काढली. फोटो टाकायचा, रुंदी लिहायची, बटण दाबायचं. पापणी लवायच्या आत नखाएवढी धाकटी तयार! एवढ्याशा कामाला आपण उगाच धास्तावलो, असं तिला वाटलं.

त्यानंतर तिने जे केलं ते एखादी शिवणारी बाईच करू जाणे. जागा संपली, जागा संपली म्हणून फोन कधीचा कुरकुरत होता. एकाच फोटोच्या दोन प्रती हव्यात कशाला, म्हणून तिने मोठा पुसला, आणि कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकला. जन्मभर तिने लोकांचे कपडे आत घेतले होते. जादा कापड कापायचं नसतं, आत दुमडून शिवायचं असतं; माणूस जाड झालं की उसवून पुन्हा सैल करता येतं. फोटोही लागेल तेव्हा तसाच मोठा करू, असं ती धरून चालली. ती वेबसाइट आत काहीच शिल्लक ठेवत नाही, हे तिला बिचारीला कोण सांगणार?

आईची नजर उतरत चालली होती. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. एके सकाळी आई म्हणाली, "अगं, धाकटीचा फोटो चांगला खिडकीएवढा करून आण. दिसतंय तोवर डोळे भरून बघून घेते. पुढे काय, अंधारच आहे."

"आजच आणते," थोरली म्हणाली आणि त्याच वेबसाइटवर गेली. या वेळी रुंदीच्या चौकटीत भलामोठा आकडा टाकला. वेबसाइट गुणाची, तिने निमूट फोटो मोठा केला. पण धाकटीच्या तोंडाचे नुसते चौकोन झाले होते.

फोटो स्टुडिओवाल्याने मान हलवली. "ताई, यात काही उरलेलंच नाही. मूळ फोटो आणा."

"त्या वेबसाइटकडे असेल की!"

"ते लोक थोड्याच वेळात पुसून टाकतात."

गिऱ्हाइकाचा नंबर बंद लागला. थोरली स्टुडिओच्या पायरीवर बसली आणि लोक बघताहेत याची पर्वा न करता रडली. आजाराने बहीण नेली ती नेली, उरलेली आपण आपल्या हाताने घालवली, हे तिला सहन होईना.

स्टुडिओवाल्याने कीव येऊन चौकोन जरा पुसट केले आणि फोटो फ्रेममध्ये बसवून दिला. आईला काय ते खरं सांगून टाकायचं, असं ठरवून थोरली घरी आली. फ्रेम भिंतीला लागली तशी आई अगदी नाक टेकेल इतकी जवळ जाऊन उभी राहिली.

"आई, ऐक ना..."

"थांब जरा." आईने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसला. मग काढून हातात धरला. "गेले गं माझे डोळे. इतका मोठा आणलास, तरी नाक कुठे, डोळे कुठे, मला काही कळत नाही."

डोळे नाही गेले, फोटो गेलाय, हे थोरलीच्या अगदी ओठावर आलं होतं.

"असू दे," आई काचेवरून हात फिरवत म्हणाली. "मला उशीर झाला, त्याला तू काय करणार? मी आंधळी झाले तरी ती इथे राहील, एवढं पुरे आहे मला. तू सांग, हसतेय ना?"

खरं सांगितलं असतं तर आईला तिचे डोळे परत मिळाले असते आणि धाकटी गेली असती.

"हसतेय, आई."

आईने चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि तो थोरलीच्या हातात दिला. "ठेवून दे कुठेतरी. आता कशाला लागतोय?"