फियाटचा डावा आरसा

बोरी बुद्रुकच्या भागुजींनी जन्मभर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर नारायणगावच्या एका डॉक्टरांची जुनी शेवाळी फियाट घेतली, आणि घरी येताना पहिल्याच वळणावर त्यांच्या लक्षात आलं, की हिला डावीकडं आरसाच नाही. एसटीत निदान कंडक्टर तरी असायचा.

"जानका," ते शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "डावीकडं बघ, कोन येतंय का."

जानकाबाईंनी मान वळवली, ती पुढं कैक वर्षं वळलेलीच राहिली. "दूधवाला येतोय. थांबा. गेला. आता घ्या. अवो, शेळी, शेळी!" पुढची डावी जागा त्यांची, हे घरात ठरूनच गेलं.

एकट्या ठकूबाईंना ते मान्य नव्हतं. ठकूबाई म्हणजे भागुजींची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडंच राहायच्या. अंगानं भरदार, आवाजानं त्याहून. मानानं पुढची जागा त्यांचीच, पण "वन्सं, मग डावीकडं कोन बघनार?" असं जानकाबाईंनी विचारलं, की त्या पिशव्यांबरोबर मागं बसायच्या. बसताना जो सुस्कारा टाकायच्या तो थेट बॉनेटपर्यंत पोचायचा.

या वर्षी ठकूबाईंच्या लेकीला, उज्ज्वलाला, मुलगी झाली. आयतवारी निरगुडसरला तिच्या सासरी नामकरण. भागुजींच्या चाकणला नोकरीला असलेल्या मुलानं, कपिलनं, जानकाबाईंना फोन केला. "हायवेला आता कोण कुठून घुसेल सांगता येत नाही. आधी डावा आरसा बसवून घ्या. तू काय जन्मभर मान मोडून बसणार का?"

फोन स्पीकरवर होता. ठकूबाई लसूण सोलत होत्या, त्या थांबल्या.

"म्हंजे आरसा बसला की मी पुढं," त्या म्हणाल्या. "पोरीच्या सासरी दर खेपंला पिशव्यांच्या मागनं उतरते मी. तिची सासू म्हनती, 'अगं बाई, तुमी पन आलात व्हय!' एकदा तरी पुढच्या दारातनं उतरू दे मला."

"बसा की, वन्सं. मी काय जागा इकत घेतलीय?" जानकाबाई म्हणाल्या. त्या रात्री भाकरी मात्र शेजारच्या आळीला ऐकू जाईल अशा थापल्या गेल्या.

जानकाबाईंचा प्रश्न पुढच्या गादीचा नव्हता. भाकरी काय, खुरपणी काय, त्यांच्याऐवजी कुणीही केली असती. पण सगळी एसटी भरून माळशेज घाट उतरवणारा माणूस त्यांच्या एका शब्दाशिवाय स्टेअरिंग वळवत नाही, हे सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. आता ते काम एक काच करणार होती.

दुसऱ्या दिवशी तिघंही दादाभाऊच्या गॅरेजवर गेली. दादाभाऊनं आरसे मांडले. भागुजींचा हात सरळ ट्रकच्या आरशावर गेला.

"काका, एवढा मोठा लावला तर गाडी एका अंगाला कलंडंल," दादाभाऊ म्हणाला.

दुसरा फुगीर काचेचा होता. जानकाबाईंनी डोकावून पाहिलं. "ह्यात ट्रक कोंबडीएवढा दिसतोय. हे म्हननार लई लांब हाय, आन् त्यो यायचा डोक्यावर." शेवटी सपाट काचेचा, गोल, चकचकीत पसंत पडला. ठकूबाईंनी त्यात आधी पदर नीट केला.

आता तो लावायचा कुठं? भागुजी स्टेअरिंगवर बसले, जानकाबाई नेहमीप्रमाणे शेजारी. दादाभाऊनं दारावर आरसा धरला, जरा पुढं, जरा वर.

"दिसतंय! पार कोपऱ्यावरची टपरी दिसतीय!" भागुजी म्हणाले.

दादाभाऊनं खडूनं खूण केली आणि ड्रिल उचललं. पत्र्याला भोक पडलं की पडलं.

जानकाबाई खुणेकडं बघत राहिल्या. आरशावर जाणारी नवऱ्याची नजर त्यांच्या छातीला घासून जात होती. त्या काडीसारख्या, म्हणून भागत होतं. इथं ठकूबाई बसल्या, की आरसा संपला. मग पुढं बसायचं कुणी, हा वादच उरणार नव्हता. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. आणि त्या राहिल्याही. ड्रिल घरघरलं तशा त्यांच्या डोळ्यांपुढं पिशव्यांमागून उतरणाऱ्या वन्सं आल्या.

"थांब रं, दादाभाऊ!" त्या खाली उतरल्या. "वन्सं, तुमी बसा इथं."

ठकूबाई बसल्या. गाडीही जरा बसली.

"आता काय दिसतंय?"

"आक्काचा दंड," भागुजी म्हणाले. "आन् बांगड्या."

मग खूण पुसली आणि आरसा पुढं मडगार्डवर गेला, कुणीही बसलं तरी दिसेल असा.

आयतवारी ठकूबाई नवं लुगडं नेसून पुढं बसल्या. जानकाबाई मागं, पिशव्यांत. हायवेला लागल्याबरोबर भागुजींनी सवयीनं विचारलं, "जानका, डावीकडून?"

"आरशाला इचारा."

मागं बसून त्यांनी पहिल्यांदाच पाय लांब केले. इतकी वर्षं मागून येणाऱ्या फटफट्याच बघितल्या होत्या. आज द्राक्षबागा दिसल्या, पलीकडं डोंगरांची निळी रांग दिसली. मान कशी हलकी वाटत होती. पुढं ठकूबाई "आली रं भागू, फटफटी आली!" असं ओरडायच्या, तोवर ती फटफटी पुढच्या वळणाआड गेलेली असायची.

निरगुडसरला उज्ज्वलाची सासू दारातच उभी होती. ठकूबाईंनी पुढचं दार उघडलं, आणि ते सगळ्यांनी पाहीपर्यंत उतरल्याच नाहीत.

आता गाडी मागं घेऊन लिंबाखाली लावायची होती. भागुजी ब्रेकवर पाय ठेवून नुसतेच बसले.

"घ्या की मागं. आरसा हाय ना?" जानकाबाई म्हणाल्या.

"हाय. पन त्यो बोलत न्हाई."

जानकाबाईंनी हसू पदरात दाबलं, उतरून मागं गेल्या आणि हात हलवायला लागल्या. "या... या... येऊ द्या... या..." तेवढ्यात विहीणबाईंनी ठकूबाईंना हाताला धरून पायरी चढवली. ते बघण्यात जानकाबाईंचा हात तसाच हलत राहिला, आणि फियाट धप्पदिशी लिंबाला टेकली.

"अरं देवा!" पायरीवरून ठकूबाई गरजल्या. "दोघं अन् वर आरसा, तरी एक झाड दिसंना व्हय तुमास्नी!"